आईसाठी घेतलेला प्रिंटर

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा आईला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, सगळं एकाच सकाळी गेलं. हातापायाचं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. बोलणं जाणं म्हणजे काय, हे मात्र तिला रिसालीच्या आमच्या घरी आणल्यावरच आम्हाला कळलं.

आमच्या घरात बोलायचं काम आईचं होतं. बाबा स्टील प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला होते. दिवसभर लोखंडाच्या आवाजात उभं राहून ते घरी यायचे आणि गप्प बसायचे. आई चहा द्यायची आणि सुरू व्हायची. आम्ही तेव्हा सेक्टर दोनला, प्लांटच्या क्वार्टरमध्ये होतो. एका बाजूला तेलुगू घर, दुसऱ्या बाजूला बंगाली, मागे छत्तीसगढी. आईची हिंदी तिच्या माहेरच्या, तुमसरकडच्या मराठीतून निघायची, पण बोलायला तिचं कुणाशीच अडत नसे. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून माहेरी का गेली, हे ती बाबांना रंगवून सांगायची. प्रत्येक वाक्यानंतर 'मंग' म्हणायची. "मंग ते म्हणते, मी नाही येत. मंग मी म्हटलं, कावून नाही येत?" बाबा हुंकार भरत ऐकत बसायचे.

लकव्यानंतर तिच्याकडे तो एकच शब्द उरला. पाणी हवं असलं तरी "मंग". पाय दुखला तरी "मंग". कुशीवर वळवायला सांगायचं असलं तरी "मंग, मंग". सुरुवातीला तिला वाटायचं की आपण नीट वाक्य बोललो, आणि आम्हीच ऐकत नाही. मग तिच्या कपाळावर आठी यायची. डावा हात ती खाटेच्या पट्टीवर आपटायची.

हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक मॅडम होती. वयानं माझ्यापेक्षा लहान, अंगानं बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. ती म्हणाली, "बाज़ार का चार्ट मत लाइए. उसमें जो गिलास है, वो इनका गिलास नहीं है. अपने घर की चीज़ों के फोटो दिखाइए. उँगली रखेंगी, तो समझ जाइए."

मी त्याच दिवशी फोनवर फोटो काढले. तिचा स्टीलचा गिलास, तिचा कानतुटका कप, शाल, पंखा, उशी. फोन तिच्यासमोर धरला. तिनं गिलासावर बोट ठेवलं, तर बोटाखालून फोटो सरकून पुढचा आला. तिनं पुन्हा बोट दाबलं, स्क्रीनच काळी झाली. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या हातातून काही हिसकावून घेतलं होतं. टॅबलेट आणून पाहिला, तरी तेच.

म्हणून मी फोटो कागदावर छापायचं ठरवलं. आधी बाजारातल्या स्टुडिओत गेले. तिथला माणूस संगणकावर एकेक फोटो मोठा करून बघत होता. मागे पासपोर्ट फोटोसाठी दोघंतिघं उभे होते. गिलास आला, कप आला, मग आईची संडासाची खुर्ची आली. मधे भोक असलेली, खाली भांडं लावलेली, ती खुर्ची त्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर.

"ये भी निकालना है?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तरी माझे कान तापले.

"हो," मी म्हटलं. नंतर त्याच्या पुढचा फोटो आईच्या आतल्या कपड्यांचा होता हे आठवलं, आणि "बाकी नंतर" म्हणून मी पेनड्राइव्ह काढून घेतला.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते आईचे पाय चोळत होते. हात न थांबवता म्हणाले, "तिच्या खुर्चीचा फोटू मार्केटात नको नेत जाऊ. घरीच छापू. छोटं मशीन येते ना, फोटूचं?"

तिथून आमचा प्रिंटरचा शोध सुरू झाला.

हैदराबादहून भाऊ रोज फोनवर लिंक पाठवू लागला. त्याला येता येत नव्हतं, म्हणून तो लिंक पाठवायचा, हे मला कळत होतं. मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत मी त्या मशीनचे व्हिडिओ बघत बसायचे. त्यात सगळीकडे हसरी माणसं असायची. समुद्रकिनारा, वाढदिवस, कुत्र्याची पिल्लं. मशीनमधून फोटो बाहेर यायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. एका व्हिडिओतली मुलगी आपल्या खोलीच्या भिंतीवर छोटे छोटे फोटो चिकटवत होती, आणि मी मनात हिशेब करत होते की आईच्या थुंकीनं तो कागद भिजला तर किती टिकेल.

सुपेल्याच्या बाजारातल्या एका दुकानदारानं तीन मशीनं काढून दाखवली. पहिलं अगदी तळहाताएवढं, खिशात मावणारं. त्याला शाई लागत नाही, कागदच तापवून रंग उमटतो. दिसायला गोड होतं. पण फोटो निघायचा काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, आणि दुकानाच्या काचेत लावलेला नमुना उन्हानं गुलाबी पडला होता. दुसरं शाईचं, साधं. तिसरं एक चौकोनी डब्यासारखं मशीन, पोस्टकार्डाएवढे फोटो छापणारं. त्याला शाईच्या ऐवजी रंगीत पट्टी लागते आणि तिचा कागदही तिच्यासोबतच विकत घ्यावा लागतो.

"मैडम, ये सिर्फ फोटो निकालेगा, और कुछ नहीं," दुकानदार म्हणाला. "घर के लिए ऑल-इन-वन ले लो. स्कैन, ज़ेरॉक्स, बच्चों का प्रोजेक्ट, सब हो जाएगा."

आमच्या घरात कुणाचंच प्रोजेक्ट नव्हतं. मी विचार करून येते म्हणाले.

घरी बाबांना तिन्ही मशीनांबद्दल सांगितलं. त्यांनी मला विचारलं, "फोटू केवढा निघते? लांबी-रुंदी सांग." मी सांगितली. त्यांनी जुना पेपर घेतला, फूटपट्टी घेतली, आणि खाली बसून कात्रीनं तिन्ही मापांचे तुकडे कापले. मग पुठ्ठ्यावर चिकटवले. त्यांचे हात आता थरथरतात, पण कडा सरळ आल्या होत्या.

"अवं, इकडे पाह्य," ते आईला म्हणाले. आईच्या मांडीवर पाट ठेवून त्यांनी ते तुकडे मांडले. "यातला उचलून दाखव मले."

आईनं पाहिलं. बाबांनी सगळे तुकडे हळूहळू डावीकडे सरकवले. उजवीकडचं तिला दिसत नसे. ताटातलंही ती अर्धंच जेवायची आणि उरलेला भात तसाच राहायचा. ताट फिरवलं की पुन्हा जेवायची. हे बाबांच्याच लक्षात आलं होतं.

तिनं सर्वांत लहान तुकड्यावर बोटं फिरवली. तो पाटाला चिकटून बसला, तिच्या नखाला लागेना. तिनं दोनदा-तीनदा प्रयत्न केला. मग मोठा तुकडा पकडला, तो चटकन हातात आला. तिनं तो उलटला, सुलटला. पेपरातली कुठली तरी सिमेंटची जाहिरात होती. तिला कळेना की हे काय चाललंय. तिनं तो बाबांच्या तोंडावर फेकला आणि म्हणाली, "मंग!"

बाबा हसले. लकव्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "म्हातारा खेळून राहिला." हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते कात्री ठेवायच्या निमित्तानं आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

लहान मशीन असं बाद झालं. शाईचं बाद झालं ते नळाखाली. आमच्या शाळेत तसाच शाईचा प्रिंटर आहे. मी त्यावर आईच्या कपाचा एक फोटो छापून आणला. बाबांनी त्यावर ओला अंगठा घासला. कपाचा निळा रंग खाली ओघळला. आईचे हात सारखे ओले असायचे, तोंडातून लाळ गळायची, वरणाचा हात तसाच कुठेही लागायचा. "हे चालत नाही," बाबा म्हणाले. "दुकानवाल्याले विचार, त्या तिसऱ्याचा फोटू पाण्यात टिकते का."

दुकानदारानं नमुन्याच्या फोटोवर बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं. रुमालानं पुसलं. फोटो तसाच. मी ते चौकोनी मशीन घेऊन आले.

त्या मशीनला पाठीमागेही जागा लागायची. कागद आधी मागे जातो, पुढे येतो, पुन्हा मागे जातो. भिंतीपासून टेबल ओढून आम्ही ते आईच्या खाटेजवळ, तिच्या डाव्या बाजूला ठेवलं. पहिला फोटो गिलासाचा छापला. कागद बाहेर आला तो नुसता पिवळा, गिलासाची पिवळी सावली. आईचा चेहरा पडला. मशीननं कागद परत ओढून घेतला, दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यात लाल मिसळलं होतं, तिसऱ्यांदा निळं आलं आणि गिलास गिलासासारखा दिसू लागला. शेवटच्या फेरीत त्यावर चमक चढली. आई मान उचलून बघत होती. कागद ट्रेमध्ये पडला तसा तिनं डावा हात पुढे केला.

फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ पाहिला. मग फोटो माझ्याकडे धरून त्यावर बोट ठेवलं.

"पाणी?" मी म्हटलं.

तिनं डोळे मिटून उघडले. बाबा माठाकडे धावले.

पुढचे काही आठवडे बरे गेले. एवढंच म्हणता येईल. शाळेतून आले की मी त्या दिवशीच्या नव्या गोष्टींचे फोटो छापायचे. पांघरूण, खिडकी उघडी, खिडकी बंद, डोक्याला लावायचं तेल, आंबाडीची भाजी, दुखरा गुडघा. खुर्चीचाही फोटो होता, आता फक्त आमच्यातच. तो ती उपडा करून उशीखाली ठेवायची आणि लागेल तेव्हा काढून द्यायची, दुसरीकडे बघत. टीव्हीवरची एक मालिका तिला आवडत नसे, हेही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं आई ती बघत होती, कारण बाबांना आवडते असं तिला वाटत होतं. आणि बाबा बघत होते, कारण तिला आवडते असं त्यांना वाटत होतं.

मग थंडी संपता संपता एक दुपार आली. आईनं सगळे फोटो पाटावर मांडायला लावले. एकेक उचलला, पाहिला, बाजूला टाकला. पाणी नको. चहा नको. शाल, पंखा, खुर्ची, काहीच नको. शेवटचा फोटो टाकल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग?" आणि रिकाम्या पाटावर हात फिरवला. तिला हवं होतं ते त्यात नव्हतं.

आम्ही घरभर फिरलो. मी फोटो काढायचे, बाबा सुचवायचे. "तिची पेटी काढ. तिची पैठणी. देवघराचा काढ. लोणच्याची बरणी." मशीन दुपारभर कागद मागेपुढे करत राहिलं. आई प्रत्येक फोटोची वाट बघायची. पिवळी सावली दिसली की डोळे बारीक करायची, ओळखायचा प्रयत्न करायची. चित्र पूर्ण झालं की बाजूला टाकायची. कधी रागानं, कधी हळुवार, जणू आमचं मन राखत.

दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात तेच. ती खायची प्यायची, फोटो दाखवून पाणी मागायची, पण दुपारी तिची ती शोधाशोध सुरू व्हायची.

मी सेक्टर दोनला गेले. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. बाई कडेवर लेकरू घेऊन दारात आली. मी सांगितलं, तर तिनं काहीही न विचारता आत घेतलं. मी ओट्याचा फोटो घेतला, मागच्या दाराचा, अंगणातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाचा, आणि आई ज्या भिंतीला टेकून शेजारणींशी बोलायची त्या भिंतीचा. निघताना बाई म्हणाली, "आंटी को बोलना, पेड़ में अभी भी खूब मुनगा आता है."

ते फोटो आईनं फार वेळ धरले. भिंतीचा फोटो तिनं गालाला लावला, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा माझ्याकडे बघून मान हलवू लागले, सापडलं म्हणून. पण तिनं तोही बाजूला ठेवला. फेकला नाही, ठेवला. आणि पुन्हा पाटावर हात फिरवला.

मग बाबांनी मावशीला बोलावलं. तुमसरहून मावशी गाडीनं आली, सोबत गावच्या घराचे, विहिरीचे फोटो घेऊन. दोघी बहिणी हातात हात घेऊन बसल्या. मावशी बोलत होती, आई ऐकत होती. मधेच आईनं तिचा हात दाबला आणि अगदी हळू विचारलं, "मंग?" मावशी उठली. ती स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर रडली.

"इले काही सांगाचं आहे बाप्पा," ती म्हणाली. "मागाचं नाही, सांगाचं आहे. लहानपणी पोटात गोष्ट राहिली का अशीच करे."

मी ते हॉस्पिटलातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो सकता है. चीज़ होती तो अब तक मिल जाती."

"मग काय छापू?" मी विचारलं. हिंदीत विचारायचं विसरूनच गेले. त्यांना तरी कळलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

उन्हाळा लागला. आईची शोधाशोध हळूहळू कमी झाली. आधी वाटलं, तिला चैन पडू लागलं. मग लक्षात आलं की ती पाण्याचाही फोटो उचलत नाही. मी समोर धरला तर बघायची, आणि नजर खिडकीकडे वळवायची. कुलरच्या वाऱ्यानं पाटावरचे फोटो उडून खाली पडायचे, ते बाबा गोळा करायचे आणि पुन्हा मांडायचे, डावीकडे, तिला दिसतील असे. ती त्यांच्या हातांकडे बघत राहायची. 'मंग' म्हणणंही तिनं सोडून दिलं होतं.

तिला दुसरा झटका आला तो असाच एका सकाळी. हॉस्पिटलात पोचलो, पण तिला शुद्ध आली नाही. शिवनाथ नदीच्या काठावर भावानं अग्नी दिला. तो हैदराबादहून विमानानं रायपूरला आणि तिथून टॅक्सीनं आला होता, आणि तो पोचायच्या आधीच आई गेली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, समोरच्या खोलीत तिचा फोटो ठेवायला हवा, लोक येतील. मी फोन उघडला. लकव्यानंतरच्या महिन्यांत मी जेवढे फोटो काढले होते, तेवढे आयुष्यात काढले नव्हते. गिलास, चमचे, उशा, दारं, चपला, भिंती. खाली खाली सरकवत गेले. त्यात आई कुठेच नव्हती. एका फोटोत शाल धरलेली तिची बोटं होती, तेवढीच.

बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "घरातलं सब्बन काढलं आपण. हिचाच नाही काढला." तक्रार नव्हती. असंच म्हणाले.

भावानं आधार कार्डावरचा फोटो सुचवला. त्यात ती समोर बघते, तोंड घट्ट मिटलेलं, पदर नीट. त्याच्या फोनमध्ये आणखी एक निघाला, जामुलला एका नात्यातल्या लग्नातला. घोळका होता. आई कडेला, कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नाही. शेजारच्या बाईकडे वळून ती काहीतरी सांगतेय, ओठ उघडे, हात हवेत, केस जरा विस्कटलेले.

"हा नीट नाही," भाऊ म्हणाला. "तोंड उघडं आहे."

"हाच लाव," बाबा म्हणाले. "बोलून राहिली आहे, तर बोलू दे तिले."

बाबांनीच टेबल पुढे ओढलं. मी बाकीची माणसं कापून तेवढी आईच ठेवली आणि फोटो पाठवला. कागद बाहेर आला, पिवळा. त्या पिवळ्यात तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, फक्त वर उचललेला हात कळत होता. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. भावानं हे मशीन चालताना कधी पाहिलं नव्हतं. लाल आलं, निळं आलं, चमक चढली. बाबांनी फोटो कडांना धरून उचलला आणि फ्रेममध्ये बसवला. पोस्टकार्डाएवढा फोटो, त्यावर झेंडूचा हार घातला तर आई दिसेनाशी झाली. बाबांनी हार काढला आणि एक फूल खाली ठेवलं.

भाऊ तेरावं करून परत गेला. हॉस्पिटलातल्या मॅडमनी निरोप पाठवला, की एका घरी अशाच मशीनची गरज आहे. मी बाबांना विचारलं. ते लगेच देऊन टाक म्हणाले. आईसाठी छापलेले फोटो मात्र दिले नाहीत. दुसऱ्याच्या घरी आमचा गिलास काय कामाचा.

आता आम्ही दोघंच असतो. बाबा पूर्वीसारखे गप्पच. फक्त कधी जेवता जेवता त्यांचा घास हातात थांबतो.

"तिले पाहिजे होता तो फोटू तुमसरच्या बसस्टँडचा असंल का?" ते विचारतात. "लग्नाच्या वक्ती तिथंच पाह्यलं होतं मी तिले पहिल्यांदा." किंवा, "आपल्या पहिल्या सायकलचा? तो तर आपण काढलाच नाही."

"असेल बाबा," मी म्हणते.

ते थोडा वेळ विचार करतात. मग स्वतःच मान हलवतात, "नाही, सायकल नाही," आणि जेवू लागतात.